आंकड्याचें मोल व आंकड्याचा वेष

मनुष्य वेषावरून ओळखावा कीं गुणांवरून, हा वाद फार जुना आहे; आणि निबंधाच्या तासाला तो दर वर्षीं नव्यानें रंगतो. आज आम्ही तोच प्रश्न मनुष्यांविषयीं न विचारतां आंकड्यांविषयीं विचारणार आहों. आंकड्यालाहि वेष असतो. तो कधीं ठळक असतो, कधीं रंगीत असतो, कधीं रेखीव चौकटींत बसलेला असतो. आणि कित्येकदां त्या वेषाच्या भपक्याखालीं त्याचें खरें मोल झांकून जातें. हें आम्हांस एका विद्यार्थ्याच्या निकालपत्रकानें शिकविलें. ती हकीकत आधीं सांगतों, कारण ह्या लेखांतील मत तिच्यांतूनच निघालें आहे.

पूर्वीं शाळेचीं निकालपत्रकें हातानें तयार होत. एक शिक्षक गुण वाचीत, दुसरे लिहून घेत आणि तिसरे बेरजा ताडून पाहत. पुढें संगणक आला व कोष्टक कागदावरून पडद्यावर गेलें. आडव्या ओळी, उभे रकाने आणि त्यांच्या छेदानें होणारीं लहान लहान घरें अशा ह्या कोष्टकास स्प्रेडशीट म्हणतात, हें आतां लहान मुलांसहि ठाऊक आहे. तथापि पडद्यावर जाऊनहि काम हाताचेंच राहिलें. प्रत्येक तुकडीसाठीं तेंच शीर्षक पुन्हां टंकावें, त्याच रकान्यांची रुंदी पुन्हां ओढून वाढवावी, नापासांचे गुण एकेक शोधून तांबडे करावे. आणि एवढें करून एखादी ओळ सुटली, तर तें कोणाच्या लक्षांतहि येऊं नये! तेव्हां आम्हीं असें ठरविलें कीं, हें सारें काम एका लहानशा प्रोग्रॅमकडून करून घ्यावें. तो आम्हीं पायथॉन ह्या भाषेंत लिहिला व ‘ओपनपायएक्सएल’ नांवाच्या लायब्ररीचें साह्य घेतलें.

लायब्ररी म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें पुस्तकांचीं कपाटें उभीं राहतील. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या बोलींत मात्र लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कोणीं आधींच लिहून ठेवलेल्या व सर्वांस वापरतां येतील अशा सूचनांचा संच. सुतार जसा प्रत्येक खुर्चीसाठीं नवा रंधा घडवीत बसत नाहीं, तसा प्रोग्रॅम लिहिणाराहि कोष्टकाची फाइल कशी बांधावी ह्याचा आरंभापासून खटाटोप करीत नाहीं. तो लायब्ररीस एवढेंच सांगतो: नवें पुस्तक उघड, तुकडीगणिक एक पान घाल, ह्या घरांत हा गुण लिही व त्या घरांत तें सूत्र लिही, शीर्षकाचीं अक्षरें ठळक कर, त्यांच्यामागें फिका रंग भर, चहूं बाजूंस बारीक रेघ ओढ, नांवांचा रकाना रुंद ठेव, आणि शीर्षकाची ओळ अशी खिळवून ठेव कीं, पान कितीहि खालीं सरकविलें तरी ती डोळ्यांसमोर राहावी. आमच्या प्रोग्रॅमनें हें सर्व काम घटकाभरांत तर काय, डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच केलें. पत्रकें इतकीं सुबक निघालीं कीं, आम्ही मनांतल्या मनांत स्वतःची पाठ थोपटून घेतली.

निकालाच्या दुसऱ्या दिवशीं एक पालक कचेरींत आले. त्यांच्या हातांत आमचें तेंच सुबक पत्रक होतें. ते अगदीं शांतपणें म्हणाले, “सर, गणितांत पस्तीस म्हणजे पास ना? मग पुढें तांबड्या अक्षरांत नापास कां लिहिलें आहे?”

आम्हीं पाहिलें तों खरेंच तसें होतें. सरासरीच्या रकान्यांत ३५, आणि शेजारच्या घरांत ‘नापास’! मूळ वही काढली. मुलाचे चार परीक्षांतील गुण ३१, ३६, ३८ व ३३ होते. त्यांची बेरीज १३८; चारांनीं भागलें म्हणजे ३४.५. घरांत सांठविलेली संख्या ३४.५ हीच होती. परंतु अपूर्णांक पत्रकांत बरे दिसत नाहींत म्हणून आम्हीं प्रोग्रॅमला असें सांगितलें होतें कीं, ह्या रकान्यांतील संख्या दशांशचिन्हाशिवाय दाखवावी. त्यामुळें डोळ्यांस ३५ दिसत होते. शेजारच्या घरांतील सूत्र मात्र डोळ्यांनीं पाहत नव्हतें. “शेजारची संख्या ३५ किंवा त्याहून अधिक आहे काय?” एवढेंच तें विचारी, आणि तें पाही ती संख्या, तिचा वेष नव्हे. ३४.५ ही ३५ हून कमी, अतएव नापास. दोन्हीं घरें आपापल्या जागीं बरोबर होतीं, तथापि दोन्हीं मिळून तें पत्रक खोटें बोलत होतें.

ही चूक आधींच आमच्या दृष्टीस कां पडली नाहीं, ह्याचेंहि कारण सांगणें प्राप्त आहे. ओपनपायएक्सएल ही लायब्ररी सूत्रें सोडवीत नाहीं; ती तीं केवळ घरांत लिहून ठेवते. पुढें ती फाइल एक्सेल किंवा लिबरऑफिस ह्यांसारख्या साधनांत उघडली म्हणजे मग सूत्र सोडविलें जातें व उत्तर प्रकट होतें. अर्थात् ‘नापास’ हा शब्द आमच्या प्रोग्रॅमनें कधीं लिहिलाच नव्हता; तो शब्द उत्पन्न करणारें सूत्र त्यानें लिहिलें होतें. आम्हीं प्रोग्रॅम तपासला, त्यांत दोष दिसला नाहीं, आणि पत्रकें उघडून ओळीनें वाचून पाहण्याचे श्रम आम्हीं घेतले नाहींत. हा दोष यंत्राचा नव्हे, आमचा.

घाईनें आम्हीं दुसरा उपाय योजिला. म्हटलें, सूत्र नकोच. पायथॉनकडूनच सरासरी पूर्णांकांत आणूं आणि तीच घरांत लिहूं. तों उत्तर आलें ३४! पायथॉनची रीत अशी कीं, अपूर्णांक बरोबर अर्धा असेल, तर संख्या जवळच्या सम पूर्णांकाकडे न्यावी, म्हणून ३४.५ चे ३४ होतात आणि ३५.५ चे ३६. लांबलचक याद्यांच्या बेरजेंत आंकडे सारखे वरच्याच बाजूस झुकूं नयेत ह्या हेतूनें ही रीत पाळतात, आणि ती शास्त्रशुद्धहि आहे. एक्सेलमधील पूर्णांक करण्याचें सूत्र मात्र आपण शाळेंत शिकतों त्या रीतीनें चालतें व ३४.५ चे ३५ करतें. एकच मुलगा, एकच परीक्षा, आणि गुण मात्र तीन प्रकारचे: ३४, ३४.५ व ३५!

शेवटीं मुख्याध्यापकांनीं शाळेच्या परीक्षेचे नियम काढले. त्यांत स्पष्ट लिहिलें होतें कीं, अर्धा किंवा अर्ध्याहून अधिक अपूर्णांक पूर्ण गुण धरावा. मुलगा उत्तीर्ण होता, आणि पहिल्यापासून उत्तीर्णच होता. त्यास उत्तीर्ण करणें हें रंगाचें काम नव्हतें, लायब्ररीचें नव्हतें, पायथॉनचेंहि नव्हतें. तें नियमाचें काम होतें, आणि तो नियम आमच्या प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळींत असावयास पाहिजे होता. आम्हीं त्याच्याऐवजीं शीर्षकाचा रंग कोणता असावा ह्याचा विचार आधीं केला.

मोल आणि वेष हे दोन वेगळे पदार्थ आहेत, ही गोष्ट फाइलीच्या रचनेंतच गोविलेली आहे. १९७९ सालीं डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन ह्या दोघां अमेरिकन गृहस्थांनीं ‘व्हिजिकॅल्क’ हें स्प्रेडशीट घरगुती संगणकासाठीं बाहेर आणलें. त्यामागून १९८३ सालीं ‘लोटस १-२-३’ व १९८५ सालीं ‘एक्सेल’ आलें. २००७ च्या आवृत्तीपासून एक्सेलची जी फाइल प्रचारांत आहे, ती वस्तुतः एक फाइल नसून आवळून बांधलेलें गांठोडें आहे. तें सोडून पाहिलें तर आंत पानांच्या फाइली वेगळ्या आणि वेषांची फाइल वेगळी अशी व्यवस्था दिसते. नाटकमंडळीच्या कपडेपटांत अंगरखे, शेले, पगड्या क्रमवार टांगलेल्या असाव्या, आणि नटाच्या हातीं केवळ क्रमांकाची चिठ्ठी असावी, तशी प्रत्येक घराची स्थिति असते. घरांत संख्या असते आणि तिच्याबरोबर वेषाचा क्रमांक असतो. एकच वेष शेंकडों घरें अंगावर घालतात. म्हणूनच ओपनपायएक्सएलमध्यें एकदां घरास दिलेला वेष तेथल्या तेथें उसवून बदलतां येत नाहीं. नवा वेष शिवून तो त्या घरास द्यावा लागतो. नाहीं तर एकाचा अंगरखा आंखूड करतांना साऱ्या मंडळीचे अंगरखे आंखूड व्हावयाचे!

तारखेचें उदाहरण ह्याहून बोलकें आहे. घरांत ‘१५ ऑगस्ट १९४७’ असें दिसतें, परंतु आंत सांठविलेला असतो १७३९४ हा आंकडा. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून ही दिवसांची मोजणी चालते. आणि तींतहि एक गंमत अशी कीं, १९०० सालीं नसलेला २९ फेब्रुवारी तींत मोजलेला आहे. लोटस १-२-३ मधील ती चूक, जुन्या फाइलींचा मेळ बिघडूं नये म्हणून, एक्सेलनें जाणूनबुजून पुढें चालविली. वेष काढून घेतला कीं आपला स्वातंत्र्यदिन म्हणजे नुसते पांच अंक. आणि ते अंक जाणणाऱ्यासच त्यांचा अर्थ कळावयाचा.

कोणी म्हणतील, मग वेष हवाच कशाला? नुसते आंकडे लिहावे म्हणजे झालें. हें मत आम्हांस मान्य नाहीं. साठ मुलांचे दहा विषयांचे गुण शीर्षकाशिवाय, रेघेशिवाय एकाखालीं एक ओतले, तर वाचणारा चुकीच्या ओळीवर बोट ठेवील आणि एकाचे गुण दुसऱ्याच्या नांवावर सांगेल. एककाखालीं एकक व दशकाखालीं दशक यावें म्हणून संख्या उजव्या कडेस लावणें हा अलंकार नव्हे. तें पाटीवर शिकलेलें गणितच आहे. शाळेच्या जमाखर्चांत १,२३४,५६७ असें लिहिलें, तर आपल्याकडील वाचकास तो आंकडा क्षणभर थांबून सोडवावा लागतो. १२,३४,५६७ असें लिहिलें म्हणजे बारा लाख चौतीस हजार हें दृष्टिक्षेपांत कळतें. संख्या लाखांत असेल तर स्वल्पविराम अमुक ठिकाणीं आणि कोटींत असेल तर तमुक ठिकाणीं, असा अंकलेखनाचा नमुना लायब्ररीकडून घरास देतां येतो, आणि तो अवश्य द्यावा. वेष ही वाचकाविषयींची सभ्यता आहे. पाहुण्यापुढें पाणी ठेवतांना भांडें घांसून ठेवावें, हें कोण नाकारील? परंतु भांडें लखलखीत आहे एवढ्यावरून आंतील पाणी निर्मळ ठरत नाहीं.

दोष उत्पन्न होतो तो वेषाकडे मोलाचें काम सोंपविलें म्हणजे. समजा, एक विद्यार्थिनी चारपैकीं एका परीक्षेस आजारामुळें गैरहजर होती. कोणीं तिच्या घरांत शून्य लिहून तें घर करड्या रंगाचें केलें; पाहणारास समजावें कीं हें शून्य म्हणजे गैरहजेरी. पाहणारास तें समजेलहि. पण सूत्राला रंग दिसत नाहीं. बाकीच्या तीन परीक्षांत ६० गुण असतील, तर त्या शून्यामुळें सरासरी ४५ होईल. घर रिकामें ठेवलें असतें किंवा त्यांत ‘गैरहजर’ हा शब्द लिहिला असता, तर ती ६० राहिली असती. ह्या दोहोंपैकीं न्याय्य कोणतें, हें पुन्हां नियमानेंच सांगावयाचें आहे, रंगानें नव्हे. तसेंच, नापास केवळ तांबड्या रंगानें दाखविलें, तर ज्यांस तांबडा व हिरवा ह्यांतील भेद कळत नाहीं त्यांना, आणि काळ्यापांढऱ्या झेरॉक्सवर तर सर्वांनाच, तें दिसावयाचें नाहीं. रंगाबरोबर शब्दहि असावा.

मराठी वाचकांस ह्याचें एक घरगुती उदाहरण आठवेल. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वीं मराठी लिहिण्यासाठीं जे फाँट वापरले जात, त्यांपैकीं पुष्कळांत आंत सांठविलेला मजकूर वास्तविक रोमन अक्षरांचा व चिन्हांचा असे. फाँटच्या अंगरख्यामुळें तो मराठी दिसे एवढेंच. तो फाँट नसलेल्या संगणकावर तें पत्रक उघडलें कीं मुलांच्या नांवांच्या जागीं अर्थहीन चिन्हांच्या रांगा दिसत. नांव लिहिलेंच नव्हतें. नांवाचा केवळ वेष लिहिला होता. आजहि कित्येक जुन्या फाइलींत तीं नांवें अशींच अडकून पडलेलीं आहेत.

जें आमच्या लहानशा कचेरींत एका मुलाच्या बाबतींत घडलें, तें मोठ्या जगांतहि घडतें. प्राण्यांच्या जनुकांस शास्त्रज्ञांनीं ‘मार्च १’, ‘सेप्ट २’ अशीं संक्षिप्त नांवें दिलीं होतीं. तीं एक्सेलमध्यें टंकलीं कीं त्यांच्या तारखा होत. येथें वेषच बदलला असें नव्हे, तर अंगच बदललें. मूळ नांव पुसून तेथें दिवसांचा आंकडा बसला. २०१६ सालीं झालेल्या एका पाहणींत, एक्सेलमध्यें जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकीं सुमारें एकपंचमांशांत असे दोष आढळले. आणि २०२० सालीं जनुकांचीं नांवें ठरविणाऱ्या समितीनें हार मानून त्या जनुकांचींच नांवें बदललीं. त्याच वर्षीं इंग्लंडांत कोविडच्या १५,८४१ रुग्णांची नोंद दैनिक आंकड्यांतून गळून गेली. माहिती जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलींत ओतली जात होती. तसल्या फाइलीच्या एका पानावर ६५,५३६ ओळींहून अधिक मावत नाहींत, आणि जें मावलें नाहीं तें मुकाट्यानें बाहेर राहिलें. नव्या पद्धतीच्या फाइलींत १०,४८,५७६ ओळी मावतात. परंतु मर्यादा ठाऊक नसणें हाच दोष असेल, तर मोठी मर्यादाहि आज ना उद्यां अपुरी पडेल.

ह्यावरून प्रोग्रॅमनें पत्रकें करूंच नयेत असें अनुमान कोणी काढूं नये. आमचें मत ह्याच्या उलट आहे. हातानें केलेलीं पत्रकें प्रत्येक वेळीं नवी चूक करतात. प्रोग्रॅम चुकला तर तो सर्वत्र सारखाच चुकतो, आणि म्हणूनच त्याची चूक एकदां शोधून कायमची दूर करतां येते. हजेरीक्रमांक ००७ हा मजकूर म्हणून लिहावयाचा आहे असें लायब्ररीस एकदां सांगितलें, म्हणजे त्यावरचीं शून्यें कोणाच्या दुर्लक्षानें गळत नाहींत. जनुकाचें नांव पायथॉनमधून मजकूर म्हणून आलें, तर ओपनपायएक्सएल तें मजकूर म्हणूनच लिहिते. त्याची तारीख करण्याचा आगाऊपणा ती करीत नाहीं. हें साधन प्रत्येक शाळेच्या वरच्या वर्गांत शिकवावें, आणि खऱ्या कामांतून शिकवावें: वर्गाची हजेरी, वाचनालयाचीं पुस्तकें, क्रीडास्पर्धांचे निकाल. परंतु शिकवितांना रंग भरण्यापासून आरंभ करूं नये. आज बहुधा तसाच आरंभ होतो, कारण रंग लवकर दिसतो व शाबासकीहि लवकर मिळते.

विद्यार्थिमित्रांनो, अशा कामास हात घालाल तेव्हां चार गोष्टी ध्यानांत ठेवा. पहिली: नियम आधीं कागदावर लिहा, प्रोग्रॅम मागाहून. दुसरी: ज्या संख्येवर निर्णय होतो, तीच संख्या वाचणाऱ्यास दिसूं द्या, निर्णय ३५ वर करावयाचा असेल तर आंतहि ३५ च असूं द्या, आणि ३४.५ वर करावयाचा असेल तर ३४.५ च दाखवा. तिसरी: रंग जें सांगतो तें शब्दांतहि सांगा. चौथी: पत्रक उघडून तें स्वतःच्या डोळ्यांनीं वाचा, आणि विशेषेंकरून सीमेवरचे विद्यार्थी पाहा: ज्यास ३४ आहेत तो, ज्यास ३४.५ आहेत तो, ज्यास ३५ आहेत तो, आणि जो त्या दिवशीं गैरहजर होता तो. ज्यास ८० गुण आहेत त्याचें कोणत्याहि प्रोग्रॅमकडून सहसा नुकसान होत नाहीं. प्रोग्रॅमची परीक्षा सीमेवर होते.

पालकांनाहि आमची एक विनंती आहे. सुबक पत्रक हातीं आलें म्हणून तें निर्दोष समजूं नका. त्या दिवशीं कचेरींत आलेल्या गृहस्थांस संगणकाचें ज्ञान नव्हतें. तथापि दोन घरें शेजारीं शेजारीं वाचून त्यांनीं जो प्रश्न विचारला, तो आम्हांस सुचला नव्हता. त्यांनीं तो न विचारतां पत्रक घडी करून खिशांत घातलें असतें, तर एका मुलाच्या कपाळीं नापासाचा शिक्का बसला असता, आणि आम्ही आमच्या रंगसंगतीचें कौतुक करीत राहिलों असतों.

तें पत्रक आम्हीं फाडलें नाहीं. मुलाचें नांव त्यावरून खोडलें आहे, परंतु ३५ चें घर आणि त्याच्या शेजारचें तांबडें ‘नापास’ तसेंच आहे. संगणकाच्या पहिल्या तासाला आम्ही तें वर्गांत फिरवितों, आणि ह्यांत चूक कोठें आहे असें विचारतों. बहुतेक मुलें म्हणतात, रंग चुकला. जो विद्यार्थी “घरांत खरोखर काय आहे तें आधीं पाहूं द्या” असें म्हणतो, त्याच्या हातीं आम्ही पहिल्यानें यंत्र देतों.